आजोबा, रिमोट आणि ढोलकपूर

मे महिना लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय दरवर्षी जवळजवळ एकच असतो. शाळा बंद असते, बाहेर ऊन रणरणत असते, आणि घरातला टीव्ही कोणाच्या ताब्यात असावा यावरून तीन पिढ्यांमध्ये रोज नवा तह होत असतो. या महिन्यातली काही पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे. जिथे डॉक्टरांचे मत ठरलेले आहे तिथे मी तेच सांगितले आहे. बाकीचे सारे अकरा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी यांच्या शेजारी सोफ्यावर बसून वर्षानुवर्षे कार्टून पाहिलेल्या एका आईचे अनुभव आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. गेला महिनाभर तो ‘टॉम अँड जेरी’चा एकच भाग रोज पाहतो. दुसरा लावला की रडून घर डोक्यावर घेतो. आम्हा दोघांनाही तो भाग आता पाठ झाला आहे. यात काळजी करण्यासारखे काही आहे का?
— एक आई, सांगली

उत्तर : काळजीचे काहीही नाही, आणि तुम्हाला कंटाळा आला हेही अगदी साहजिक आहे. एवढ्या लहान मुलाला पहिल्या दिवशी फक्त पळापळ दिसते. चार दिवसांनी कोण कोणाच्या मागे पळते आहे ते कळते, आठवड्याने का पळते आहे ते कळते, आणि मग ‘आता काय होणार ते मला आधीच ठाऊक आहे’ याचा आनंद सुरू होतो. ज्या वयात जगात पुढच्या क्षणी काय घडेल याचा काहीच भरवसा नसतो, त्या वयात हा आनंद फार मोठा आहे.

माझी मुलगी तीन वर्षांची असताना तिचाही असाच एक भाग ठरलेला होता. झोपलेल्या बुलडॉगजवळून टॉम चवड्यांवर, श्वास रोखून चालत जातो, असा त्यातला प्रसंग. कुत्रा जागा होण्याच्या किंचित आधी ती सोफ्यावर चढून माझ्या पाठीमागे उभी राहायची, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवायची आणि कानाजवळून डोकावून पाहायची. कुत्रा भुंकला की खदखदून हसत पुन्हा पुढे. साधारण तिसऱ्या आठवड्यात ती मागे न जाता नुसता माझा हात धरून बसली. मग एके दिवशी हातही धरला नाही. त्यानंतर चार-पाच दिवसांत त्या भागाची मागणी आपोआप थांबली. त्या कुत्र्याशी तिचा जो काही हिशेब होता तो पुरा झाला होता.

अमेरिकेत १९९६ मध्ये ‘ब्लूज क्लूज’ नावाचा छोट्यांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याच्या निर्मात्यांनी एकच भाग सोमवार ते शुक्रवार असे पाचही दिवस दाखवण्याचे ठरवले. त्या कार्यक्रमाच्या अभ्यासात असे दिसले की पुन:पुन्हा पाहिल्यावर मुलांना गोष्ट अधिक समजत गेली आणि पडद्यावरून विचारलेल्या प्रश्नांना ती अधिक मोठ्याने, अधिक आत्मविश्वासाने उत्तरे देऊ लागली. आपल्याकडच्या आज्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे घर मेणाचे, ही गोष्ट किती पिढ्यांनी किती वेळा ऐकली असेल? आणि ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’ हे वाक्य गाळून आजी पुढे गेली की अर्धवट झोपेतले नातवंडसुद्धा डोळे उघडून तिला मागे आणते.

तेव्हा उद्या तो भाग लागला की शेजारी बसा, एखाद्या ऐन रंगलेल्या जागी थांबवा आणि त्याला विचारा, ‘आता काय होणार?’ तो जे सांगेल ते त्या चित्रफितीत नसेल, आणि तुमचाही कंटाळा जाईल.

प्रश्न : नातू सहा वर्षांचा आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि घरी आला की हिंदीतली कार्टून. गेल्या पावसाळ्यात गॅलरीत उभा राहून मला म्हणाला, ‘आजोबा, बघा ना, किती जोरात पाऊस होतोय, मला थंडी लागतेय.’ मी निवृत्त शिक्षक आहे. ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. सूनबाई म्हणतात, मराठीत बोलतो हेच पुष्कळ आहे. हा टीव्ही बंदच करून टाकावा का?
— एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : आजोबा, तुमची व्यथा मला पुरती समजली. मराठीत पाऊस पडतो, कोसळतो, भुरभुरतो, झड लावतो आणि उघडतोही. आणि थंडी वाजते. त्या ‘वाजते’मध्ये दातांवर दात आपटण्याचा आवाज आहे, तो ‘लागते’मध्ये येणार नाही. पण तुमच्या नातवाने काय केले आहे तेही पाहा. रोज तास-दोन तास कानावर पडणारी हिंदी वाक्ये त्याने मनात घेतली आणि आजोबांशी बोलायचे म्हणून त्यांना स्वत:च मराठीचे प्रत्यय लावले. म्हणजे आजोबांशी मराठीतच बोलायचे असते हे त्याचे पक्के ठरलेले आहे. सूनबाईंचे म्हणणे एवढ्यापुरते खरे आहे.

एक वेगळी परिस्थिती तुम्ही स्वत: पाहिलेली असेल. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि मुलांसाठी ‘किलबिल’ आले. त्या वेळच्या घरांत टीव्हीवरचे मूल आणि टीव्हीसमोरचे मूल एकाच भाषेत बोलत होते. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था उभी राहिली आणि शाळकरी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम होऊ लागले. कागदापासून वस्तू करणे, साधे प्रयोग, गाणी, नाट्यछटा असे किती तरी कार्यक्रम मी शाळेत जायच्या घाईत, एका हातात वेणीची रिबीन धरून पाहिलेले आहेत. ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. मला याचे मनापासून दु:ख आहे, आणि मराठी मुलांसाठी मराठीत रोज काही तरी नवे दिसावे ही अपेक्षा आपण सर्वांनी जाहीरपणे बोलून दाखवत राहिले पाहिजे असे मला वाटते. मुलांसाठी उत्तम काम करणारी माणसे आपल्यात नव्हती असे नाही. ‘एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ’ हे गाणे देशभरच्या मुलांना ज्या १९७४ मधल्या छोट्याशा ॲनिमेशनपटामुळे पाठ झाले, त्याच्या दिग्दर्शिका विजया मुळे या मराठीच होत्या, आणि त्याचे संगीतही वसंत देसाई यांचे होते.

आजची परिस्थिती अशी आहे की जपानचा ‘डोरेमॉन’ २००५ पासून आपल्याकडे हिंदीत बोलतो आणि हैदराबादेत तयार होणारा ‘छोटा भीम’ २००८ पासून ढोलकपूर या आपल्या काल्पनिक गावात हिंदीतच लाडू खातो. या मालिका वाईट नाहीत. माझ्या मुलाने मित्रासाठी भांडायचे कसे आणि नंतर समेट कसा करायचा यातले थोडे ढोलकपुरातूनही घेतलेले आहे. टीव्ही बंद केलात तर नातू तीच कार्टून शेजाऱ्यांकडे पाहील आणि तिथे तुम्ही त्याच्या शेजारी नसाल. म्हणून माझा सल्ला असा की टीव्ही राहू द्या, त्याचा आवाज बंद करा.

आमच्या घरी रविवारी सकाळी अर्धा तास हा खेळ चालतो. चित्र सुरू, आवाज बंद, आणि प्रत्येकाने एकेका पात्राचे बोलणे मराठीत बोलायचे. माझे सासरे मूळचे कुडाळचे. त्यांनी भीमाशी सदा स्पर्धा करणाऱ्या कालियाचे काम घेतले आणि पहिल्याच दिवशी तो धिप्पाड मुलगा भीमाला दरडावून म्हणाला, ‘काय रे झिला, खंय चललंस? ह्यो लाडू माझो आसा!’ मुलगी हसून हसून जमिनीवर लोळली. आता तिच्या लेखी कालिया हा मालवणीच आहे, आणि मूळ आवाजात तो हिंदी बोलू लागला की ती नाराज होते. टुनटुन मौसीची टुनटुन मावशी झाली आहे आणि ती माझ्या सासूबाईंच्या आवाजात सगळ्यांना हात धुऊन यायला सांगते. या खेळात लहानांना शब्द अडतात आणि तेव्हा ते मोठ्यांकडे मागतात. मागून घेतलेला शब्द विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

तुमच्यासाठी तर मी मुद्दाम ‘पिंगू’ सुचवीन. ही मातीच्या बाहुल्यांची मालिका स्वित्झर्लंडमध्ये १९९० च्या सुमारास सुरू झाली. त्यातला पेंग्विनचा पोर आणि त्याचे कुटुंब कोणत्याही देशाची भाषा बोलत नाही. सुरुवातीच्या वर्षांतले ते सगळे गमतीचे आवाज एकट्या कार्लो बोनोमी या इटालियन कलावंताने काढलेले आहेत. त्यामुळे तिथे मराठी बोलायला तुम्हाला मोकळे रान आहे. शिवाय चहूकडे बर्फच बर्फ. पिंगूला थंडी वाजते, तो कुडकुडतो, काकडतो, गारठतो, त्याला हुडहुडी भरते, आणि घरात आला की त्याला ऊब मिळते. हे सारे शब्द एका बैठकीत वापरून होतील. बोलताना नातवाची चूक मात्र जागच्या जागी काढू नका. तो ‘पाऊस होतोय’ म्हणाला तर तुम्ही नुसते म्हणा, ‘खरेच रे, केवढा पाऊस पडतोय, मलाही थंडी वाजायला लागली.’ एवढे पुरते.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची आहे. मी नोकरी करते आणि दिवसभर तिला सासूबाई सांभाळतात. भरवताना त्या मोबाइलवर बडबडगीते लावतात, आणि आता गाणे लागल्याशिवाय ती तोंडच उघडत नाही. मी बंद करा म्हटले की त्या म्हणतात, ‘मग तू भरव.’ यात कोणाचे बरोबर आहे?
— एक आई, नाशिक

उत्तर : वैद्यकीय सल्ला स्पष्ट आहे, तो आधी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासाहून अधिक वेळ पडद्यासमोर बसू नये आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच, असे म्हटले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही याच दिशेचा आहे, आणि दोन वर्षांखाली तर नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्यापलीकडे पडदा नकोच असे ती सांगते.

पण तुमच्या सासूबाईंनी काही नवीन किंवा वाईट गोष्ट शोधून काढली आहे असे मला वाटत नाही. भरवताना मुलाला गुंतवून ठेवणे ही फार जुनी रीत आहे. ‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा’ म्हणत खिडकीतून पक्षी दाखवायचे, चांदोबा दाखवायचा, अंगणातून फेरी मारायची, हे सगळे त्याचसाठी होते. फरक एवढाच आहे की चिऊ-काऊचा घास भरवणाऱ्या बाईचे डोळे मुलाच्या तोंडाकडे असतात. मूल मान फिरवते, ओठ मिटते, घास गालात धरून ठेवते, आणि तिला कळते की आता पोट भरले. मोबाइल समोर असला की मुलीला आपल्या पोटाचे कळत नाही आणि भरवणाऱ्याला मुलीच्या चेहऱ्यावरचे कळत नाही. वाटी रिकामी होते एवढेच.

यात सासूबाईंच्या गुडघ्यांचाही विचार करायला हवा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा दोन वर्षांच्या मुलीमागे एकटीने धावणे हे तरुण माणसालाही झेपत नाही. म्हणून सगळी जेवणे एकदम बदलायला सांगू नका. रात्रीचे जेवण तुमच्याकडे घ्या. सगळे एकत्र बसा, मुलीला खाली तुमच्याच पंगतीत बसवा, तिच्या ताटलीत मऊ वरणभात, भाजीच्या दोन फोडी आणि पोळीचा तुकडा वाढा आणि तिला हाताने कालवू द्या. पहिले तीन-चार दिवस ती कमी खाईल, भात केसांना लागेल, वरण फरशीवर जाईल. खाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा. आमच्याकडे पाचव्या दिवशी मुलीने स्वत:हून पहिला घास उचलला, तो स्वत: न खाता माझ्या सासूबाईंच्या तोंडात घातला आणि म्हणाली, ‘हा चिऊचा.’ दुपारच्या जेवणातला मोबाइल कोणी बंद करायचा यावर त्यानंतर आमच्या घरात चर्चा झालीच नाही. सासूबाईंनीच तो उचलून फडताळात ठेवला. मुलीच्या वजनाबद्दल शंका वाटली तर मात्र अंदाज न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या मेलबर्नला असतो. मुलगा पाच वर्षांचा आहे आणि ‘ब्लूई’ त्याचा जीव की प्राण. त्यातला बँडिट हा बाबा कुत्रा सदैव मुलींशी खेळत असतो. मी कामावरून येतो तेव्हा अंगात त्राण नसते, आणि मुलगा दारातच विचारतो, ‘बाबा, तुम्ही बँडिटसारखे का नाही खेळत?’ मी काय उत्तर देऊ?
— एक बाबा, मेलबर्न

उत्तर : ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. ‘ब्लूई’ ब्रिस्बेनमध्ये तयार होते, २०१८ मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक वाहिनीवर सुरू झाली, आणि तिच्यात ब्लूई व बिंगो या दोन बहिणी आणि त्यांचे आईबाबा असे एक कुत्र्यांचे कुटुंब आहे. बाबा पुरातत्त्वज्ञ आहे, आई विमानतळावर सुरक्षेचे काम करते. मला ही मालिका फार आवडते, कारण तिच्यात आईबाबांनाही दमायला परवानगी आहे.

तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्या लांबीतच आहे. एक भाग साधारण सात मिनिटांचा असतो. बँडिट दिवसभर खेळतो असे तुमच्या मुलाला वाटते आणि बहुधा तुम्हालाही. प्रत्यक्षात आपल्याला त्याच्या दिवसातली सात मिनिटे दिसतात. तेवढी तुम्ही देऊ शकाल. घरी आल्यावर हातपाय धुवा, चहा घ्या आणि मग मुलाला म्हणा, ‘चल, आपला एक भाग.’ घड्याळ लावा. त्या सात मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत असू द्या.

दमलेल्या माणसासाठी आपल्याकडे फार सुंदर खेळ आहेत, आणि मराठी घरांतल्या दमलेल्या बाबा-आजोबांनीच ते पिढ्यान् पिढ्या टिकवले असावेत असा माझा समज आहे. पालथे हात एकावर एक ठेवून आपडी-थापडी-गुळाची-पापडी बसल्या बसल्या होते. अटक-मटक-चवळी-चटकला तर जागचे उठावेही लागत नाही. तुम्ही जमिनीवर पालथे पडा आणि मुलाला पाठीवर चालायला सांगा; तो त्याला डोंगर चढणे म्हणेल आणि तुमची कंबर मोकळी होईल. अजिंक्यतारा चढतो आहोत असे सांगा. तिथे जन्मलेल्या मुलाला साताऱ्याचा किल्ला बाबांच्या पाठीवर भेटला तर त्याहून चांगली ओळख कोणती? आणि ज्या दिवशी खरोखरच काही जमणार नाही, त्या दिवशी तसे सांगून त्याच्या शेजारी बसून ‘ब्लूई’ पाहा. त्या मालिकेतले कित्येक विनोद तुमच्यासाठीच आहेत. तुम्ही कुठे हसता हे मुले फार लक्ष देऊन पाहतात.

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी ‘शिनचॅन’ पाहते आणि त्याच्यासारखी उलट बोलते. पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागते. या मालिकेवर बंदीच का घालत नाहीत?
— एक आई, नागपूर

उत्तर : ती २००८ मध्ये आपल्या देशात एकदा बंद झाली होती, आणि पुढे काटछाट होऊन परत आली. मूळ जपानी चित्रकथा १९९० मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. पाच वर्षांचा आगाऊ मुलगा आईवडिलांच्या जगाची कशी तारांबळ उडवतो, ते वाचून मोठ्यांनी हसावे म्हणून. ते हसणे मोठ्यांचे आहे हे सात वर्षांच्या मुलीला कळत नाही. तिला वाटते, असे बोलले की सगळे हसतात. म्हणून माझ्या घरी मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत मी ही मालिका लावली नाही, आणि तुम्हीही ती वर्ष-दोन वर्षे बाजूला ठेवलीत तर काही बिघडणार नाही. कारण मात्र तिला सांगा.

तोवर ती पाहुण्यांसमोर काही बोललीच, तर तिथे रागावू नका आणि कोणाला हसूही देऊ नका. माझा मुलगा एकदा माझ्या मावशीला, ‘तू किती जाडी आहेस!’ म्हणाला. मावशीने शांतपणे त्याला जवळ बसवले आणि विचारले, ‘हे तुला वाटले, की टीव्हीवर कोणी म्हणाले?’ तो बराच वेळ विचार करत बसला आणि म्हणाला, ‘टीव्हीवर.’ ‘मग तुला काय वाटते?’ यावर तो म्हणाला, ‘तुझ्या मांडीवर बसायला चांगले वाटते.’ हा प्रश्न आम्ही त्यानंतर घरात कायमचा ठेवून घेतला आहे.

प्रश्न : ‘आणखी एकच!’ या दोन शब्दांनी आमच्या घरची प्रत्येक संध्याकाळ रडारडीत संपते. मुलगा चार वर्षांचा आहे. टीव्ही शांतपणे बंद कसा करावा?
— एक आई, फोंडा

उत्तर : चार वर्षांच्या मुलाला ‘दहा मिनिटे’ म्हणजे किती ते कळत नाही, ‘दोन भाग’ हे कळते. टीव्ही लावण्याआधीच दोन की तीन ते ठरवा आणि तेवढे शेंगदाणे त्याच्या समोर वाटीत ठेवा. एक भाग संपला की एक दाणा खायचा. वाटी रिकामी झाली की टीव्ही बंद, आणि बंद करण्याचे बटण त्यानेच दाबायचे. आपल्या लहानपणी कार्यक्रम संपला की बातम्या लागत आणि मुले आपोआप उठत. आता एक भाग संपण्याआधीच पुढचा सुरू होतो, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन ती आपोआप पुढे जाण्याची सोय आजच बंद करा. निम्मी रडारड तिथेच थांबेल. उरलेली निम्मी पहिला आठवडाभर होईल, ती होऊ द्या.

प्रश्न : मी चौथीत आहे. मी टीव्ही लावला की आई घड्याळ बघते आणि एक तास झाला की बंद करते. पण बाबा मॅच बघतात तेव्हा आणि आजी मालिका बघते तेव्हा कोणीच घड्याळ बघत नाही. असे का?
— एक मुलगा, सोलापूर

उत्तर : तुझे पत्र मी आमच्या घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले. थोडा वेळ कोणीच काही बोलले नाही.

तुझ्या आईचे बरोबर आहे, कारण तुझे डोळे, तुझी झोप आणि तुझे खेळायचे वय तिला सांभाळायचे आहे. मोठ्यांच्या शरीराची वाढ झालेली असते, तुझी व्हायची आहे. पण तुझा प्रश्नही अगदी बरोबर आहे. टी-ट्वेंटीचा एक सामना साधारण साडेतीन तास चालतो, आणि आजीच्या अर्ध्या तासाच्या चार मालिका म्हणजे दोन तास होतात. हे तू गणितात शिकलेलाच आहेस.

आता असे कर. वहीतला एक मोठा कागद घे आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक रकाना आख. तुझाही आख. एक आठवडा ज्याने त्याने टीव्ही बंद करताना किती वेळ पाहिला ते आपल्या रकान्यात लिहायचे आणि कागद फ्रिजवर लावायचा. आजीला लिहायला चष्मा लागत असेल तर तिचा रकाना तू भर, आणि भरताना मालिकेत आज काय झाले तेही तिला विचार. तिला सांगायला फार आवडेल. आईचा मोबाइलही मोजायचा, हे मी तिला तुझ्या वतीने सांगते आहे. रविवारी जेवताना सगळ्यांनी मिळून बेरीज करा आणि पुढच्या आठवड्यासाठी प्रत्येकाचा आकडा ठरवा. बाबांच्या रकान्यात फायनलच्या दिवसासाठी थोडी जास्त जागा सोड, आणि त्या दिवशी तूही त्यांच्या शेजारी बस.